दव वाळेपर्यंत

घोडबंदर रोडवर आमच्या सोसायटीच्या मागे एका रो-हाउसमध्ये प्ले-स्कूल आहे, आणि त्यालाच जोडून पाळणाघर. माझी चार वर्षांची लेक सकाळी साडेआठला तिथे जाते, मी ऐरोलीहून सुटून पोचेपर्यंत तिथेच असते. दिवाळी झाल्यावर त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: थंडीचे तीन महिने मुलं दिवसाचा बहुतेक वेळ बाहेर काढतील. डबा बाहेर, गोष्ट बाहेर, दुपारची झोपसुद्धा मांडवाखाली. स्वेटर, कानटोपी आणि कपड्यांचे दोन जोड पाठवा.

ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. एका बाबांनी "ही परदेशी थेरं इथे कशाला" असं लिहिलं. दुसऱ्या आईने लगेच डेन्मार्कचा व्हिडिओ टाकला, बर्फात बाबागाड्या ओळीने लावलेल्या आणि आत गुबगुबीत बाळं झोपलेली. माझ्या आईला मी मेसेज वाचून दाखवला तर ती एवढंच म्हणाली, "सकाळी दव असतं तेव्हाही?"

भांडणारे दोघेही एका गोष्टीवर सहमत होते, की ही कल्पना बाहेरून आलेली आहे. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं याच ठाणे जिल्ह्यातलं आहे.

आधी बाहेरचं. फ्रिडरिश फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्यातली बाग नावापुरती नव्हती, मुलांना लावायला-निगराणी करायला खरेखुरे वाफे असत. तो शब्द आपल्याकडे 'केजी' होऊन पोचला आणि वाफे वाटेत कुठेतरी गळाले.

मात्र मुलांना दिवसदिवस, तेही थंडीत, उघड्यावर ठेवण्यामागे बागेपेक्षा क्षयरोगाचा हात मोठा होता. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखवला, पण त्यावर चालणारं औषध मिळायला १९४० चं दशक उजाडलं. मधली साठ वर्षं डॉक्टरांच्या हाती होतं ते इतकंच: मोकळी हवा, ऊन, सकस खाणं, विश्रांती. आपल्याकडे याच हिशोबाने रुग्णांना पाचगणी-मिरजेला पाठवत. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये १९०४ साली अशक्त मुलांसाठी जंगलातली शाळा निघाली. धडे झाडांखाली, आणि दुपारी आरामखुर्च्यांवर ब्लँकेट गुंडाळून झोप. तिचं अनुकरण युरोपभर झालं.

लंडनच्या डेप्टफर्ड भागातल्या रेचल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. गरीब कामगारांची वस्ती, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. बहिणींनी १९१० मध्ये तिथे मुलांसाठी दवाखाना काढला. मुलं बरी होऊन घरी जायची आणि तेच दुखणं घेऊन पुन्हा दारात उभी राहायची. औषध चुकत नव्हतं, खोली चुकत होती. मग त्यांनी आवारात उघड्यावर झोपण्याची सोय केली, आणि १९१४ साली लहानग्यांसाठी उघड्यावरची बालशाळा सुरू केली. एक बाजू मोकळी असलेल्या पडव्या, भोवती बाग, अंघोळ, जेवण, झोप. शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत, कारण मुलांच्या आया कामावर असत. म्हणजे ते आजच्या अर्थाने पाळणाघरच होतं. रेचल १९१७ मध्ये वारली, मार्गारेटने काम पुढे नेलं.

व्हिडिओतलं डेन्मार्क यानंतरचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एला फ्लाटाऊ ही आई रोज मुलांना घेऊन कोपनहेगनजवळच्या जंगलात जायला लागली, शेजारणींनी आपली मुलं सोबत धाडली, आणि त्यातून जंगलातली बालवाडी उभी राहिली. स्वीडनमध्ये १९८५ पासून 'ऊन असो वा पाऊस' अशा अर्थाच्या नावाने तसल्या शाळा निघाल्या. जर्मनीत १९९३ मध्ये फ्लेन्सबुर्गच्या जंगलवाडीला सरकारी मान्यता मिळाली. पुढचं सगळं इंटरनेटवर आहे, आणि बहुतेक फोटोंत बर्फ आहे.

आता घरचं. १९४५. बोर्डी. आज हे गाव पालघर जिल्ह्यात आहे, पण पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी डहाणू-बोर्डी-कोसबाड सगळं ठाणे जिल्ह्यातच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक तोवर भावनगरला त्याच क्षेत्रातल्या गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या होत्या, दादरला १९३६ पासून शिशुविहार चालवत होत्या. शहरातल्या चांगल्या घरांतल्या मुलांची बालवाडी त्यांना पाठ होती. बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि तिथे त्यांच्याबरोबर अनुताई वाघ उभ्या राहिल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

तिथे पहिली अडचण अभ्यासक्रमाची नव्हती. मुलंच यायची नाहीत. वारली पाड्यांवरची मुलं सकाळी काय करायची? मोठी मुलं गुरं घेऊन जायची, मधली धाकट्याला कडेवर घेऊन बसायची, आणि अगदी लहान अंगणात मातीत खेळत असायची. यातला एकही शाळेपर्यंत चालत येण्यासारखा नव्हता. तेव्हा शाळाच उठून त्यांच्याकडे गेली. पाड्यावरच्या एखाद्या घराचं अंगण झाडायचं, आजूबाजूची मुलं गोळा करायची, हातपाय-तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी-गोष्टी-खेळ. ही अंगणवाडी. जी मुलं गुरांमागे गेलेली, त्यांच्यासाठी बाई चरणीवर जायच्या. ती कुरणशाळा. धाकटं कडेवर असल्याने शिकू न शकणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. तीन शब्द, तिन्ही अस्सल मराठी, आणि तिन्हींच्या पोटात एकच निरीक्षण: मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची.

साधनांचंही तसंच. माँटेसोरीची सुबक लाकडी साधनं महाग पडायची. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले पडलेले, रानात बिया, पानं, काटक्या, खडे. मोजायला, लावायला, जुळवायला हे सगळं फुकट होतं. आज प्ले-स्कूलच्या माहितीपत्रकात 'लूज पार्ट्स' नावाने हीच यादी छापलेली दिसली की मला हसू येतं, रागही येतो. फी भरताना जरा जास्त.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नावही अंगणवाडीच. डहाणूकडच्या पाड्यांवर रुळलेला शब्द देशभर गेला. अंगण मात्र त्याच्या सोबत जाऊ शकलं नाही. वागळे इस्टेटच्या एखाद्या गल्लीत अंगणवाडी शोधत जा, बहुतेकदा दहा बाय बाराची भाड्याची खोली निघेल: एक वजनकाटा, भिंतीवर फळांचा तक्ता, सतरंजी, आणि दाराबाहेर लगेच गटाराची फरशी. सेविकाताईंनी मुलांना बाहेर न्यायचं म्हटलं तरी नेणार कुठे?

हिवाळ्यात दिवसभर बाहेर असणाऱ्या मुलांची आणखी एक साखळी याच जिल्ह्यात आहे, आणि तिला कुठल्याही माहितीपत्रकात जागा नाही. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं आगाऊ घेतलेली उचल फेडायला भिवंडी-वसई पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. राहायला विटा रचून वर गवत टाकलेली खोपटी, तिला भोंगा म्हणतात. तिथलं तीन-चार वर्षांचं पोर ओल्या विटांच्या रांगांमधून धावतं, आणि जरा हात वळायला लागला की सुकायला ठेवलेली वीट पलटायला शिकतं. ही मुलं सहा-सात महिने गावच्या शाळेतून गायब असत. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच, भोंग्यातच वर्ग सुरू केले. त्यांचं नाव पडलं भोंगाशाळा. कुरणशाळेनंतर काही दशकांनी पुन्हा तीच युक्ती, तीही त्याच जिल्ह्यात.

शहरातली भट्टी म्हणजे बांधकामाची साइट. १९६९ मध्ये दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांनी मजुरांची तान्ही मुलं धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच फिरतं पाळणाघर सुरू केलं. पुढे ते काम मुंबईतही आलं. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असल्या तर लहान मुलांसाठी खोली ठेवणं बंधनकारक केलं. त्या कायद्याचा आकडा पन्नास होता, आणि मस्टरवर बायकांची संख्या पन्नाशीच्या आत ठेवणं किती सोपं होतं हे ठेकेदाराला कुणी शिकवावं लागलं नाही.

नवी मुंबईबद्दल एक बाजूची गोष्ट, कारण ती अंगणाचीच आहे. हे शहर वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली तेव्हा चार्ल्स कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. घराबाहेरची आकाशाखालची जागा हीसुद्धा आपल्या हवामानात एक खोलीच असते, असा त्यांचा आग्रह. १९८० च्या दशकात सीबीडी बेलापूरला त्यांनी बैठी वसाहत आखली, आज तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात-सात घरं, आणि मध्ये आठ बाय आठ मीटरचं सामाईक अंगण. आठ मीटर म्हणजे स्वयंपाकघरातून हाक मारली तर पोराला ऐकू जाईल इतकंच. आता तिथली बरीच घरं पाडून मजले चढलेत आणि काही अंगणांत गाड्या उभ्या असतात. तरी एखाद्या चौकात जानेवारीच्या सकाळी चटईवर पापड आणि पापडांच्या राखणीला नातवंडं दिसतात. बाकी शहर टॉवरचं. तिथे अंगणाची जागा पोडियमने घेतली, म्हणजे पार्किंगच्या छतावरची हिरवळ, 'गवतावर चालू नये' या पाटीसकट.

यानंतर आला कोविड. मार्च २०२० ला बंद झालेली बालशाळांची दारं आमच्याकडे नीट उघडली २०२२ मध्ये. त्या काळात जन्मलेल्या किंवा रांगत्या असलेल्या मुलांनी लिफ्टच्या बाहेरचं जग उशिरा पाहिलं. आत्ताच्या 'बाहेर खेळू द्या'च्या लाटेमागे त्या दोन वर्षांचा मोठा वाटा असावा, असं ग्रुपवरच्या आयांशी बोलताना तरी वाटतं.

राहिला थंडीचा मुद्दा. मराठी घरात याबद्दल दोन परंपरा शेजारी शेजारी नांदतात. बाळंतिणीची खोली बंद, शेगडी, धुरी, ओवा-शेपा, कापसाने कान झाकलेले. आणि त्याच घरात, तेल लावून झालं की बाळ ओट्यावर कोवळ्या उन्हात उघडं. 'वारा लागेल' आणि 'ऊन मिळू दे' ही दोन्ही वाक्यं एकच आजी एकाच सकाळी म्हणते. सर्दी विषाणूमुळे होते, आणि विषाणू बंद खोलीतल्या वीस मुलांत जास्त सुखाने फिरतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ठाण्यात पारा पंधरा-सोळावर उतरला तर बातमी होते. डॅनिश मूल त्यात बिनबाह्यांच्या शर्टात हिंडेल.

पण उत्तर युरोपात म्हणतात की वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात. मराठीत हे वाक्य फसतं. आमच्याकडे हवा म्हणजे हवामान आणि हवा म्हणजे श्वासात जाते ती, आणि दुसरी हवा हिवाळ्यात खरंच वाईट असते, तिला स्वेटर चालत नाही. वर्षातला सगळ्यात सुखद काळ आणि सगळ्यात धुरकट काळ ठाणे-नवी मुंबईत एकच. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची गार हवा खाली बसते आणि वर उबदार थर झाकणासारखा बसतो. वारा पडलेला. रस्त्यांची, बांधकामांची धूळ, ट्रकचा धूर, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं जे काही असेल ते, सगळं त्या झाकणाखाली. मग ऊन तापतं, थर मोडतो, दुपारकडे खाडीवरून वारा येतो. पीएम २.५ या हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतं, आणि त्याचं नाक जमिनीच्या, म्हणजे धुळीच्या, जास्त जवळ असतं.

म्हणून दिवस किती तासांचा यापेक्षा कुठल्या तासाला सुरू होतो हे महत्त्वाचं. २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. कारण दिलं झोपेचं. फुप्फुसांचं दिलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या प्ले-स्कूलने पहिल्या आठवड्यात मुलांना पावणेनऊलाच बाहेर बसवलं. चटया खालून ओल्या, चड्ड्या ओल्या, पलीकडच्या साइटवरून येणारी धूळ डब्यातल्या उपम्यावर. ग्रुपवर पुन्हा भांडण. माझी आई भांडली नाही, ती दुसऱ्या दिवशी नातीला सोडायला गेली आणि फाटकाशी थांबून राहिली. आता रोजचा क्रम असा झालाय: टीचर फोनवर हवेचा आकडा बघतात, आई वाकून गवताला हात लावते. बहुतेक दिवशी दोघींचं साडेदहाच्या सुमारास जमतं, मग चटया निघतात.