गुळव्याला नको, ते केमिस्टला हवं

निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या गुऱ्हाळात पाक चढला की गुळव्याचा जीव चुलवाणात अडकलेला असतो. जाळ जरा वाढला की गूळ काळपट पडणार आणि सौद्यात भाव मार खाणार. तापलेल्या पाकात तेव्हा एक रेणू थोडाथोडा तयार होत असतो: हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल, म्हणजे एचएमएफ. मध जास्त तापवलाय का, हे प्रयोगशाळेत त्याच्यावरूनच ताडतात. खाण्यात नकोसा असलेला हाच रेणू रसायन उद्योगाला मात्र हवाय. त्यापासून एफडीसीए नावाचं आम्ल आणि पुढं पीईएफ हे बाटल्यांचं प्लास्टिक बनतं, तेही खनिज तेलाला हात न लावता.

फ्रुक्टोज या साध्या साखरेच्या एका रेणूतून पाण्याचे तीन रेणू काढले की झाला एचएमएफ. 180 ग्रॅमला 126 ग्रॅम, निदान कागदावर. पाणी काढायला आम्ल हा उत्प्रेरक पुरतो. खरी पंचाईत आहे ती क्रिया तिथंच थांबवण्याची. पाण्यात राहिलेला एचएमएफ दोन रेणू पाणी परत घेतो आणि फुटून लेव्ह्युलिनिक व फॉर्मिक आम्ल होतं. (लेव्ह्युलिनिकलाही गिऱ्हाईक आहे, ते असो.) शिवाय रेणू एकमेकांना चिकटून ह्यूमिन नावाची काळी राड तयार होते, तिचा काही उपयोग नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स ड्युमेसिक यांच्या गटानं 2006 मध्ये यावर तोड दाखवली: खाली साखरेचं आम्लयुक्त पाणी, वर त्यात न मिसळणारं द्रावक. एचएमएफ तयार होईल तसा वर निघून जातो आणि आम्लाच्या तावडीतून सुटतो. मला तरी यातली खरी हुशारी उत्प्रेरकापेक्षा या वरच्या थरातच दिसते.

खायची साखर कशाला मोडायची, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. चिपाडात साधारण पाव हिस्सा हेमिसेल्युलोज असतं, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या साखळ्यांचा न खाता येणारा पदार्थ. त्यातल्या झायलोज या साखरेतून असंच आम्लानं पाणी काढून एचएमएफचं भावंड फरफ्युरल मिळतं, आणि ते वाफेबरोबरच बाहेर काढतात. हा धंदा जुना आहे. अमेरिकेत क्वेकर ओट्सनं 1920 च्या दशकात ओटच्या फोलपटांपासून तो सुरू केला, तर डॉमिनिकन प्रजासत्ताकात उसाच्या चिपाडापासून फरफ्युरल काढतात. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, वाळूचे साचे धरून ठेवणारं फ्युरान रेझिन यातूनच येतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांत हे नाव नवं नसावं.

मग आपल्याकडं साखर कारखाने चिपाड का जाळतात? कारण त्यांचा बॉयलर त्याच्यावरच चालतो आणि उरलेली वीज विकता येते. फरफ्युरल काढल्यावरचा चोथाही जळतो, पण तो ओला आणि आंबट असतो. त्यातलं पाणी घालवायला उष्णता लागते, आणि गाळप हंगामात कारखान्याकडं तीच मोजूनमापून असते.