अचूक जिओटॅगिंग : स्मार्टफोन आणि बाह्य उपग्रह-रिसीव्हर

छायाचित्र जिथे घेतले त्या जागेचे अक्षांश, रेखांश आणि उंची छायाचित्राच्या फाइलमध्येच नोंदवण्याला जिओटॅगिंग म्हणतात. ही नोंद फोनच्या अंगभूत जीपीएसवर न सोपवता ब्लूटूथने किंवा यूएसबी केबलने जोडलेल्या स्वतंत्र रिसीव्हरकडून घेतली, तर एरवी काही मीटर असणारी चूक काही सेंटिमीटरांपर्यंत खाली आणता येते. माती लोटण्यापूर्वी चरातील नळ आणि केबलींची नोंद, पुलावरील तड्यांची वर्षानुवर्षे तुलना, पुरातत्त्वीय उत्खनन, वृक्षगणना आणि छायाचित्रांवरून त्रिमित प्रतिकृती तयार करणे या कामांत या पद्धतीचा विशेष उपयोग होतो.

फोनची मर्यादा प्रामुख्याने त्याच्या अँटेनात आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. फोनमधील छोटा अँटेना बॅटरी, पडदा आणि धरणाऱ्याचा हात यांच्या सान्निध्यात काम करतो, आणि भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा आलेला संकेत त्याला थेट आलेल्या संकेतापासून नीट वेगळा करता येत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ५ मीटरच्या आत राहते. उंच इमारतींच्या गल्लीत ती कितीतरी वाढते. २०१८ पासून १५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता वापरणारे फोन बाजारात आले आणि त्यामुळे स्थितीत सुधारणा झाली, पण अँटेना तोच राहिला. बाह्य रिसीव्हरचा पहिला फायदा म्हणूनच अगदी साधा आहे : त्याचा अँटेना मोठा असतो, आणि तो काठीच्या टोकावर, डोक्याच्या वर, आकाशाकडे तोंड करून बसवता येतो.

दुसरा फायदा मोजण्याच्या रीतीत आहे. साधा रिसीव्हर उपग्रहाच्या संकेतावर चढवलेला कोड मोजतो. जीपीएसच्या मूळ नागरी कोडचा एक घटक सुमारे २९३ मीटर लांबीचा असतो, तर त्याच संकेताच्या वाहक लहरीची, म्हणजे हा कोड वाहून आणणाऱ्या रेडिओ-लहरीची, लांबी केवळ १९ सेंमी असते. लहरीच्या अंशापर्यंत मोजता आले, की अचूकता मिलिमीटरांच्या जवळ जाते. मात्र उपग्रह आणि अँटेना यांच्यामध्ये पूर्ण लहरी नेमक्या किती, हे आधी सोडवावे लागते. त्यासाठी ज्ञात बिंदूवर स्थिर असलेल्या दुसऱ्या रिसीव्हरची, म्हणजे आधार-स्थानकाची, मोजमापे त्याच क्षणी हाताशी लागतात. या तंत्राला आरटीके म्हणतात. लहरींची संख्या पूर्णांकात निश्चित झाली तर स्थिती ‘फिक्स्ड’ मानली जाते. तोवर ती ‘फ्लोट’ असते आणि चूक काही डेसिमीटरांची किंवा त्याहून अधिक राहू शकते. फिक्स्ड अवस्थेतील क्षितिजसमांतर चूक ढोबळमानाने १ सेंमी, अधिक आधार-स्थानकापासूनच्या प्रत्येक किलोमीटरमागे १ मिमी, अशी धरतात.

आधार-स्थानकाकडून येणाऱ्या दुरुस्त्या, म्हणजे स्थितीतील चूक काढणारी माहिती, इंटरनेटवरून पोहोचवण्याच्या पद्धतीला एनट्रिप म्हणतात. जर्मनीच्या संघीय मानचित्रण व भूगणित संस्थेने ती विकसित केली आणि २००४ मध्ये ती मानक म्हणून स्वीकारली गेली. येथे फोन दुहेरी काम करतो : मोबाइल डेटावरून दुरुस्ती-संदेश घेऊन तो रिसीव्हरकडे पाठवतो आणि त्याच ब्लूटूथवरून सुधारलेली स्थिती परत घेतो. जिथे नेटवर्क नाही तिथे रिसीव्हरने कच्ची मोजमापे साठवून ठेवावीत आणि गणित नंतर करावे, हा एक मार्ग असतो. जानेवारी २०२३ पासून युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनी थेट अवकाशातून विनामूल्य दुरुस्त्या देण्यास सुरुवात केली आहे. या सेवेचे उद्दिष्ट सुमारे २० सेंमी क्षितिजसमांतर अचूकतेचे आहे.

रिसीव्हरने काढलेली स्थिती फोटोत पोहोचेपर्यंत तिची झीज होऊ शकते, आणि बहुतेक फसगती याच टप्प्यात होतात. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर पर्यायांत ‘मॉक लोकेशन’साठी, म्हणजे फोनच्या स्वतःच्या स्थितीऐवजी दुसरी स्थिती देण्यासाठी, एक ॲप निवडावे लागते, ते ॲप बाह्य स्थिती संपूर्ण फोनला पुरवते. ही सोय मुळात चाचणीसाठी असल्याने काही हजेरी आणि तपासणी ॲप अशी स्थिती बनावट समजून नाकारतात, म्हणजे ५ मीटरची चूक चालते पण २ सेंटिमीटरची अचूकता संशयास्पद ठरते. आयफोनमध्ये अशी मोकळी सोय नाही. तेथे निर्मात्याची मान्यता असलेला रिसीव्हर किंवा रिसीव्हरशी स्वतः बोलणारे ॲप लागते. फोनचा नेहमीचा कॅमेरा तर अनेकदा ताज्या स्थितीऐवजी काही सेकंदांपूर्वीची शेवटची ज्ञात स्थिती चिकटवतो. यासाठी स्थिती ‘फिक्स्ड’ होईपर्यंत शटर अडवणारे खास कॅमेरा-ॲप वापरणे इष्ट.

झिजेचे आणखी एक ठिकाण म्हणजे दशांश स्थळे. रिसीव्हर एनएमईए या मजकुरी स्वरूपात अक्षांश अंश आणि मिनिटांत पाठवतो. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. मिनिटाला चारच दशांश स्थळे असतील, तर शेवटचा अंक १८ सेंटिमीटरांहून थोडा जास्त ठरतो. पुढे फोटोतील एक्झिफ नोंदीत, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, अंश, मिनिटे आणि सेकंद हे अपूर्णांकांच्या रूपात लिहिले जातात. एखाद्या ॲपने सेकंद २७१५/१०० असे, म्हणजे २७.१५, लिहिले, तर त्या शेवटच्या ५ ला सुमारे ३१ सेंटिमीटरचे मोल आहे आणि रिसीव्हरने कमावलेले सेंटिमीटर तेथेच बुडाले. याउलट साध्या फोनने सेकंदाची सहा दशांश स्थळे लिहिली, म्हणून तो फोटो अचूक होत नाही. अपेक्षित चूक मीटरमध्ये नोंदवण्यासाठी एक्झिफमध्ये २०१६ च्या आवृत्तीपासून स्वतंत्र रकाना आहे. तो रिकामा असलेल्या फोटोच्या अचूकतेवर विसंबू नये.

नोंदवली जाते ती अँटेनाची जागा. कॅमेऱ्याची नव्हे आणि फोटोतील वस्तूची तर नव्हेच. २ मीटर काठीच्या टोकाशी अँटेना आणि मध्यावर फोन असेल, तर उंचीतील अंतर वजा करावे लागते. काठी ५ अंशांनी कलली की टोक सुमारे १७ सेंमी बाजूला सरकते, म्हणून पाणसळीचा बुडबुडा मध्ये आल्यावरच फोटो घेतात. चरातील व्हॉल्व्हची नोंद करताना काठीचे खालचे टोक व्हॉल्व्हवर टेकवून स्थिती घेणे आणि फोटो पुरावा म्हणून जोडणे, हे दुरून फोटो काढून दिशेवरून जागा काढण्यापेक्षा केव्हाही बरे. फोनचा होकायंत्र-सेन्सर लोखंडी सळ्या आणि चुंबकी फोन-पकडीजवळ सहज १० अंश चुकतो. २० मीटरवरील वस्तूसाठी ही चूक साडेतीन मीटरांची होते.

उंचीत घोळ अधिक होतो. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलाभापासूनची असते, तर नकाशांतील उंची सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या जिऑइडपासूनची. या दोहोंतील फरक हिंदी महासागरात उणे १०० मीटरांच्याही खाली, तर न्यू गिनीजवळ +८० मीटरांच्या आसपास जातो. आडव्या स्थितीतही संदर्भ-चौकट, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले जातात ती व्यवस्था, महत्त्वाची आहे, कारण आरटीकेची उत्तरे आधार-स्थानकाच्या चौकटीत येतात. ऑस्ट्रेलियाचे भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंमी सरकते. म्हणून तेथील १९९४ आणि २०२० च्या अधिकृत चौकटींत सुमारे १.८ मीटरचा फरक आहे.

स्थिती नंतर जोडायची असेल तर घड्याळे जुळवावी लागतात. जीपीएसची वेळ २०१७ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. चालत्या माणसाच्या बाबतीत तेवढ्या वेळात सुमारे २५ मीटरचे अंतर कापले जाते. एक्झिफटूल हा विनामूल्य प्रोग्राम फोटोची वेळ आणि स्थितीची नोंदवही जुळवून मधल्या क्षणांची जागा काढतो. फोनचे घड्याळ किती चुकते हे कळण्यासाठी कामाच्या आरंभी आणि अखेरीस रिसीव्हरची वेळ दाखवणाऱ्या पडद्याचाच एक फोटो घेऊन ठेवतात.

तयार फोटो पाठवताना मूळ फाइलच पाठवावी. संदेशवाहक ॲप आणि समाजमाध्यमे फोटो लहान करताना एक्झिफ नोंद सहसा काढून टाकतात, आणि अँड्रॉइड १० पासून वेगळी परवानगी नसलेल्या ॲपला फोटोतील स्थान वाचताच येत नाही. खाजगी घरांच्या आवारात घेतलेल्या फोटोंबाबत हीच गोष्ट सोयीची ठरते. सर्वेक्षणाच्या फोटोंबाबत मात्र स्थिती, चूक आणि फिक्स्ड-फ्लोट अवस्था यांची वेगळी तक्ता-फाइल सोबत ठेवण्याचा प्रघात आहे.