सिंगापूर खरंच मच्छीमारांचं खेडं होतं का?

‘1965 साली सिंगापूर म्हणजे कोळ्यांचं खेडं होतं, शेजारचा मलेशिया तिथेच राहिला आणि हे कुठच्या कुठे गेलं’ हा मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातलं खेडं काल्पनिक आहे.

1819 साली ब्रिटिशांनी इथे ठाणं मांडलं आणि जकातमुक्त बंदर केलं. मलायाचं, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातलं, कथील आणि रबर इथूनच जगभर जायचं. दलाली, गोदामं, बँका, विमा, सगळं इथे. 1938 साली ब्रिटिशांचा मोठा नाविक तळही झाला. 9 ऑगस्ट 1965 रोजी मलेशियातून वेगळं होताना शहरात जवळपास 19 लाख लोक होते आणि दरडोई उत्पन्न मलेशियापेक्षा तेव्हाही जास्त होतं. झोपड्या, बेकारी, दंगली होत्याच. ते नाकारायचं नाही. पण ते गजबजलेल्या बंदराचं दारिद्र्य होतं, खेड्याचं नव्हे.

शिवाय तुलनाच तिरकी. सिंगापूर बृहन्मुंबईहून जेमतेम मोठं. मलेशियाला शेतं, जंगलं, बोर्निओचा दूरचा भाग असं सगळंच सांभाळायचं. तोही काही झोपलेला नाही: पेनांगमध्ये 1972 पासून इंटेलचा कारखाना आहे.

‘संस्कृतीतला फरक’ म्हणणाऱ्यांनी सिंगापूरचं राष्ट्रगीत ऐकावं. ते मलय भाषेत आहे. लाक्सा हा शेवयांचा मसालेदार रस्सा नेमका कुणाचा, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात. आणि सिंगापूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी आजही मलेशियाच्या जोहोर राज्यातून, 1962 च्या करारानुसार येतं. तो करार 2061 पर्यंत आहे.