आणखी एक फ्लायओव्हर, की ट्रॅफिक सुटला?
‘आणखी एक फ्लायओव्हर झाला की मुंबईचा ट्रॅफिक सुटेल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. रोज अडकणाऱ्याला तो पटणं साहजिक आहे. पूल उघडला की सुरुवातीला खरंच मोकळं वाटतं. पण रस्ता मोकळा दिसला की लोकलने जाणारे काहीजण गाडी काढतात, गर्दी चुकवून लवकर निघणारे पुन्हा नऊलाच निघतात. हळूहळू जागा भरते. अभ्यासकांनी हे १९६२ सालीच मांडलंय. शिवाय पुलावर वाचलेली मिनिटं पुढच्या सिग्नलला जातात, तिथल्या लेन तेवढ्याच असतात ना! म्हणून गाड्यांच्या वेगापेक्षा, घरून पाऊण तासात किती नोकऱ्या, किती दवाखाने गाठता येतात हे मोजायला हवं.

स्वतः पाहा. बोरिवली ते अंधेरी हायवेवर फ्लायओव्हर भरपूर आहेत. मॅपवर पहाटे पाचला आणि सकाळी नऊला गाडीने लागणारा वेळ पाहा, मग फास्ट लोकलचा.