डोंगरावरचा रिपीटर: ओरडताना ऐकायचं कसं?

२००५, २०१९, २०२१. ही सालं सांगलीकरांना समजावून सांगावी लागत नाहीत. कृष्णा पात्राबाहेर पडली की आधी वीज जाते आणि मग काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या मान टाकतात. अशा वेळी परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आपले पाच वॉटचे हातसेट घेऊन बाहेर पडतात. पण दोघं जमिनीवर उभे असले तर या सेटची धाव फार नसते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमूळाला ४.१२ ने गुणलं, की रेडिओचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. दीड मीटरवर धरलेल्या सेटचं क्षितिज पाच किलोमीटरवर येतं. दोघांचं मिळून दहा, तेही मध्ये घरं-झाडं नसतील तर.

हिशेबापुरता अजिंक्यतारा घेऊ. किल्ला सातारा शहरापेक्षा साधारण ३०० मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून क्षितिज सत्तर किलोमीटरवर जातं. म्हणून रिपीटर डोंगरावर बसवतात. खालच्या सेटचा आवाज तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त ताकदीनं, पुन्हा पाठवतो.

सांगली आकाशवाणीची मध्यम लहर १२५१ किलोहर्ट्झवर आहे. तिची लांबी २४० मीटर, त्यामुळे ती जमिनीला धरून दूरवर जाते. हॅम रिपीटर बहुतेक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे लहर जेमतेम दोन मीटरची. डोंगराची धार आडवी आली की तिची ताकद पार उतरते. मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावरून सपाट मुलूख चांगला हाताशी येतो. पण साताऱ्यावरून कोयनेच्या खोऱ्यात बोलायचं असेल, तर एका रिपीटरच्या भरवशावर राहू नये. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झालेलं कोयनानगर नेमकं त्याच आडोशाला आहे.

आता खरी अडचण. ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी यांत या पट्ट्यात फक्त ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं, आणि अँटेना बहुधा एकच. चांगला रिसीव्हर ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नलही पकडतो. शेजारी २५ वॉटचा ट्रान्समीटर चालू असतो. दोघांच्या शक्तीचं गुणोत्तर काढलं तर तीनावर सोळा शून्यं येतात. कानाशी ढोल वाजत असताना गल्लीच्या टोकाची कुजबूज ऐकावी, तसं हे काम आहे. ते ज्याच्यामुळे जमतं तो डुप्लेक्सर. यात तांब्या-पितळेची, चांदीचा मुलामा दिलेली, सुमारे अर्ध्या मीटर उंचीची नळकांडी असतात. त्यांना कॅव्हिटी म्हणतात. प्रत्येकीच्या आतल्या दांड्याची लांबी जुळवून एक फ्रिक्वेन्सी आत सोडायची आणि दुसरी अडवायची. ही अडवणूक ८० डेसिबलच्या आसपास, म्हणजे दहा कोटी पटींची, असावी लागते.

जुळवणी करताना दांड्याचा स्क्रू पाव आटा फिरवला तरी मीटरवरचा खड्डा, म्हणजे अडवलेल्या फ्रिक्वेन्सीची जागा, सरकताना दिसतो. नट आवळतानाही तो थोडा हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाहावंच लागतं. त्यात पत्र्याच्या खोलीतला उन्हाळा. अर्ध्या मीटरचा तांब्याचा दांडा २५ अंशांच्या फरकानं ०.२ मिलिमीटर वाढतो. तेवढ्यानं फ्रिक्वेन्सी ६० किलोहर्ट्झ सरकते, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सींमधल्या अंतराचा दहावा हिस्सा! म्हणून चांगल्या कॅव्हिटीत इन्व्हार वापरतात. ३६ टक्के निकेल असलेला हा लोखंडाचा मिश्रधातू उष्णतेनं जवळजवळ प्रसरणच पावत नाही. रिपीटरसाठी गोळा केलेली वर्गणी वॉट वाढवण्यात घालवू नये, ती डुप्लेक्सर आणि केबलवर खर्च करावी, असं माझं ठाम मत आहे. रिपीटरचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण त्याला कोणाचं ऐकू येत नाही, अशी गत झाली तर पुरात त्याचा काहीच उपयोग नाही.

रिपीटर आणि अँटेना जोडणाऱ्या केबलचंही तसंच. तीस मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झची जवळपास पाऊण शक्ती वाटेतच जिरते. तेवढ्याच लांबीच्या अर्धा इंची हार्डलाइनमध्ये, म्हणजे सलग धातूचं वेष्टण असलेल्या जाड केबलमध्ये, पाचवा हिस्साही जात नाही. पण केबल कितीही भारी असली तरी पावसाळ्याची गाठ आहेच. या फ्रिक्वेन्सीला वीज तांब्याच्या पृष्ठभागालगतच्या साडेपाच मायक्रॉन थरातूनच वाहते. पाणी कनेक्टरमधून आत शिरतं, आवरणाखालच्या जाळीच्या बारीक तारांमधून केशाकर्षणानं पुढे सरकतं, आणि तोच थर खराब करतं. बिघडलेला जोड कापून पाहिला तर वरून काळं आवरण धडधाकट दिसतं, आत लालसर तांब्याच्या जागी हिरवट काळपट जाळी हाताला लागते आणि बोटांवर भुकटी येते. तेवढा तुकडा कापून भागत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागं जावं लागतं, नाहीतर केबलच बदलावी लागते.

म्हणून जोडावर आधी ताणून गुंडाळायची, स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप, वर उन्हापासून राखायला पीव्हीसी टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी घरंगळून जातं. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यायचा, थेंब तिथूनच गळतात. वळवाच्या विजांसाठी केबलवर अरेस्टर हवा, आणि टॉवर, अरेस्टर व खोलीतली उपकरणं यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं. मास्टचे, म्हणजे अँटेनाच्या खांबाचे, गंजलेले बोल्टही बदलावेत. गंजलेला सांधा डायोडसारखा, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेसारखा, वागतो आणि आजूबाजूच्या सिग्नलांची सरमिसळ करून नवेच आवाज रिसीव्हरमध्ये आणतो.

ही कामं मे महिन्यात उरकायची असतात, कारण जुलैत धुक्यात आणि वाऱ्यात टॉवरवर चढणं जिवाशी खेळ आहे. सौरपॅनलवर चालणाऱ्या रिपीटरच्या बॅटऱ्याही तेव्हाच भाराखाली तपासाव्यात. पश्चिमेकडच्या डोंगरावर पुढे कित्येक दिवस ऊन पडणार नसतं.

पहिल्या पावसानंतर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती लहर परत येते त्याचं माप, पुन्हा घ्यावं. आकडा वाढला तर शंका येतेच. पण तो मे महिन्यापेक्षा सुधारलेला दिसला तर जास्त काळजी करावी. भिजलेल्या केबलमध्ये जाणारी आणि परतणारी अशी दोन्ही लहर जिरते, म्हणून खालचा मीटर झकास आकडा दाखवतो. पावसानं उघडीप दिली, की वॉटमीटर अँटेनाच्या टोकाला लावून खरी शक्ती मोजावी.