वेस्ट पॉइंटच्या बारा विजयांमागे

६ डिसेंबर २०२४ रोजी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीने फुटबॉलमध्ये तुलेन विद्यापीठाला ३५-१४ असं हरवलं आणि अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्स जिंकली. (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजसंघांचा गट.) १८९०पासून खेळणाऱ्या संघाचं हे पहिलंच कॉन्फरन्स विजेतेपद. अर्थात या काळातली बहुतेक वर्षं ‘आर्मी’ म्हणून ओळखला जाणारा हा संघ कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हता, हेही सांगायला हवं. (हे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू काखेत मारून पळण्याचं, कोल्हापूरच्या पेठांमधलं नव्हे.)

सुरुवात पराभवाने झाली. डेनिस मिची या कॅडेटच्या पुढाकाराने १८९०मध्ये नेव्हीशी, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाशी, पहिला सामना झाला, आणि नेव्हीने २४-० असा धुव्वा उडवला. मिची पुढे १८९८मध्ये क्यूबातल्या लढाईत मारला गेला. संघाचं मैदान आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

खरा सुवर्णकाळ मात्र दुसऱ्या महायुद्धातला. इतर कॉलेजांची मुलं सैन्यात भरती होत होती, तिथले संघ विस्कटत होते. वेस्ट पॉइंटचा कॅडेट आधीच गणवेशात असल्यामुळे पदवी मिळेपर्यंत तो तिथेच राहणार होता. साहजिकच चांगले खेळाडू इकडे आले. डॉक ब्लँचर्ड आधी नॉर्थ कॅरोलिनात खेळला, मग सैन्यात गेला आणि तिथून अकादमीत पोहोचला. तो बचावफळी फोडून मधून घुसायचा, तर ग्लेन डेव्हिस कडेने सुसाट सुटायचा. १९४०मध्ये या संघाने जेमतेम एक सामना जिंकला होता. १९४१मध्ये अर्ल ब्लेक प्रशिक्षक झाले आणि १९४४मध्ये त्यांच्या संघाने नऊच्या नऊ सामने जिंकले: ५०४ गुण केले, दिले फक्त ३५. नोत्र दाम विद्यापीठाला ५९-० ने लोळवलं.

त्या वर्षीचा नेव्हीविरुद्धचा सामना बाल्टिमोरला झाला. तिकीट हवं तर आधी युद्धरोखे घ्यायचे, अशी अट होती. आर्मीने तो २३-७ असा जिंकल्यावर पॅसिफिकमध्ये लढणाऱ्या अमेरिकी जनरल मॅकआर्थरची तार आली, की तुमच्या यशाच्या आनंदात आम्ही युद्ध थांबवलं आहे. विद्यार्थिदशेत मॅकआर्थर याच संघाचे व्यवस्थापक होते, त्यामुळे ही अतिशयोक्ती त्यांना माफ.

१९५१मध्ये परीक्षेतल्या गैरप्रकारांवरून ९० कॅडेट्सना अकादमी सोडावी लागली. त्यांत फुटबॉलपटूंचा मोठा भरणा होता, खुद्द ब्लेक यांचा मुलगाही होता. त्या मोसमात संघ दोनच सामने जिंकला. ब्लेक यांनी नव्याने बांधणी केली आणि १९५८मध्ये, त्यांच्या शेवटच्या वर्षी, संघ पुन्हा अपराजित राहिला. पुढे व्हिएतनामचं युद्ध आलं. दुसऱ्या महायुद्धाने जे दिलं, ते या युद्धाने काढून घेतलं, असं मला वाटतं. एकीकडे व्यावसायिक फुटबॉलमधला पैसा वाढत होता, दुसरीकडे पदवीनंतरची सक्तीची लष्करी नोकरी. प्रतिभावान मुलगा इकडे कशाला येईल? १९७३मध्ये दहाही सामने हरले, शेवटचा नेव्हीकडून ५१-० असा. २००२ ते २०१५ अशी सलग चौदा वर्षं नेव्हीनेच मारली.

२०१४मध्ये जेफ मंकन आले. कॅडेटला वजनाचे लष्करी निकष सांभाळावे लागतात, त्यामुळे इतरांसारखे धिप्पाड गडी मिळत नाहीत. त्यावर या संघाचा जुना तोडगा म्हणजे ‘ऑप्शन’. चेंडू फारसा फेकायचा नाही, हातात घेऊन पळत थोडं थोडं अंतर कापायचं. क्वार्टरबॅकने, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूने, समोरच्या बचावपटूची हालचाल बघून चेंडू स्वतःकडे ठेवायचा की दुसऱ्याला द्यायचा, हे ऐन वेळी ठरवायचं. घड्याळ चालत राहतं आणि प्रतिस्पर्ध्याचे चढाई करणारे खेळाडू मैदानाबाहेर ताटकळतात. २०२४मध्ये क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने पळून ३२ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार गेला. पहिले नऊ सामने जिंकल्यावर नोत्र दामने ४९-१४ असं जमिनीवर आणलं, तरी वर्षअखेर बारा विजय झाले. अकादमीच्या इतिहासात एका मोसमात इतके कधीच नव्हते.

विजेतेपदानंतर आठच दिवसांनी, १४ डिसेंबरला, नेव्हीने मात्र ३१-१३ असं हरवलं.