लिनक्स कर्नलमधील घड्याळदोषांचे निदान

संगणकाची वेळ मागेपुढे सरकणे, टायमर उशिरा किंवा वेळेआधीच वाजणे अशा बिघाडांचे मूळ शोधण्याची प्रक्रिया. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काळ मोजणारे साधन म्हणजे क्लॉकसोर्स आणि ठरलेल्या क्षणी प्रोसेसरला जागे करणारे क्लॉक इव्हेंट साधन ही वेगवेगळी असल्यामुळे दोष कोणाकडे आहे, हे आधी ठरवावे लागते. क्लॉकसोर्स बिघडला, तर सगळ्याच प्रोग्रॅमना चुकीची वेळ मिळते. टायमरचा इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) हरवला, तर यंत्र अडकून पडते आणि कीबोर्डचे बटण दाबताच पुन्हा चालू लागते.

एक्स८६ (इंटेल, एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांच्या) संगणकांवर कर्नलची पहिली पसंती टीएससी (टाइम स्टॅम्प काउंटर) या गणकाला असते. पेंटियमपासून (१९९३) प्रोसेसरमध्येच असलेला हा ६४ बिटांचा गणक अत्यंत वेगाने वाचता येतो. मात्र जुन्या प्रोसेसरांत वारंवारतेबरोबर त्याची गती बदलत असे, गाढ निद्रावस्थेत तो थांबत असे आणि सुरुवातीच्या ड्युअल-कोर ॲथलॉन ६४ मध्ये दोन कोरांचे गणक एकमेकांपासून दूर जात. त्यामुळे कर्नलचा वॉचडॉग, म्हणजे पहारा ठेवणारी यंत्रणा, दर अर्ध्या सेकंदाने त्याची एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमर या प्रोसेसरबाहेरील गणकांशी तुलना करतो. फरक मर्यादेबाहेर गेल्यास टीएससी अस्थिर ठरवून दुसरा गणक निवडला जातो आणि तशी नोंद कर्नलच्या लॉगमध्ये होते. तपासाची सुरुवात या नोंदीपासूनच करावी.

अर्थात वॉचडॉगचा निर्णय अंतिम मानता येत नाही. पीएम टायमर २४ बिटांचा असून सुमारे ४.७ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. हायपरव्हायजरने (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) आभासी यंत्र थांबवून ठेवल्यामुळे किंवा फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर अडवल्यामुळे वॉचडॉगची पाळीच लांबली, तर निर्दोष टीएससीवर ठपका येऊ शकतो. एचपीईटीवर उतरणे हा वरवर सुरक्षित उपाय महागही पडतो, कारण तो वाचणे संथ असते आणि वेळ विचारण्यासाठी प्रत्येक वेळी कर्नलमध्ये जावे लागते. उलट, बूट करताना टीएससी विश्वासार्ह असल्याचे जाहीर करणारा पर्याय दोष दुरुस्त करत नाही, फक्त पहारा उठवतो.

कधी हार्डवेअर निर्दोष असते. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाला (अधिकृत वेळेत घातलेल्या जादा सेकंदाला) कर्नलने घड्याळ एक सेकंद मागे घेतले, पण हा बदल उच्च-अचूकता टायमरांपर्यंत पोहोचवला नाही. परिणामी घड्याळाच्या वेळेवर बेतलेले सेकंदाहून लहान टायमर लगेच संपू लागले, प्रोग्रॅम पुन्हापुन्हा तीच प्रतीक्षा मागत राहिले आणि अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर विनाकारण राबू लागले. तारीख आहे तीच पुन्हा सेट केली, की टायमरांना नवी वेळ कळून बिघाड थांबत असे.

जिफीज या ठोके मोजणाऱ्या गणकाचा ३२ बिटी अवतार सेकंदाला १,००० ठोके असताना सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. या वळशामुळे उघड होणारे दोष दिसायला इतका काळ वाट पाहावी लागू नये म्हणून कर्नलकारांनी त्याचे आरंभमूल्य मुद्दाम असे ठेवले आहे, की हा पहिला वळसा बूटनंतर पाच मिनिटांतच यावा. त्यामुळे नेमक्या पाचव्या मिनिटाला उद्भवणारा बिघाड बहुधा वेळांची तुलना चुकीच्या रीतीने करणाऱ्या ड्रायव्हरकडे (उपकरण हाताळणाऱ्या प्रोग्रॅमकडे) बोट दाखवतो.